पायाला बांधलेली दोरी

“दर सेकंदाला?” बुवांनी विचारलं.

“दर सेकंदाला,” यशोधन म्हणाला. “आधी पाच सेकंदांनी होतं. तिथंच चुकलं.”

“किती ठिकाणी?”

“सध्या एकाही नाही. आज चार वाजता अकराही तालुक्यांत.”

बुवांनी वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती.



विश्रामबुवांची मठी टेकडीच्या पोटाशी. दोन खोल्या आणि एक पडवी. बुवांनी बत्तीस वर्षं संगणकांच्या थंड खोल्यांत काढली, मग सगळं सोडून इथं येऊन बसले. तरी शहरातली शिकलेली मुलं वाट वाकडी करून त्यांना विचारायला यायची. यशोधन त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि तेच जरा जास्त झालं होतं.



‘हाक’ नावाचं एक काम तो बघायचा. डोंगरातल्या वाड्यांवर बाईला कळा सुरू झाल्या की तिथल्या आशाताईनं फोनवर एक बटण दाबायचं. मग जवळची गाडी शोधायची, ड्रायव्हरला कळवायचं, दवाखान्यात खाट तयार ठेवायला सांगायचं… हे सगळं कुणी माणूस बसून करत नाही. दूर कुठंतरी भाड्यानं घेतलेले संगणक असतात, त्याला क्लाउड म्हणतात. तिथं हे काम लहान लहान कंटेनरांत भरून ठेवलेलं. डबेच म्हणा ना. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण बंद पडले तर बाई दारात बसून राहते.

आठ दिवसांपूर्वी एका तालुक्यात ते बंद पडले होते. नऊ मिनिटं.

त्या नऊ मिनिटांत सगुणा नावाच्या एका बाईसाठी बटण दाबलं गेलं. एकदा, दोनदा, सात वेळा. कुठंच वाजलं नाही. शेवटी तिला भाजीच्या टेम्पोत घातलं. बाळ वाटेतच झालं, आणि उशिरा रडलं. अजून काचेच्या पेटीत आहे.

तेव्हापासून यशोधनच्या घशाखाली नीट घास उतरत नव्हता. फोन वाजला की तो बसल्या जागेवरून उडायचा.

“म्हणून हा पहारा आता आणखी कडक,” तो म्हणाला. “आमच्यात त्याला मेट्रिक्स कलेक्टर म्हणतात. डब्याला धाप लागलीय का, किती हाका आल्या, किती सुटल्या, सगळं मोजून ठेवणार. काही बिनसलं की मला लगेच कळवणार.”

पडवीत तांदूळ निवडणारी हौसा थांबली.

“कलेक्टर? हितं यायलेत? आधी सांगायचं न्हवं बुवा, दूध संपलंय.”

“हा चहा पीत नाही, हौसा,” बुवा हसले. “नुसती मोजणी करतो.”

“मग तलाठी म्हणा की.”

हौसा मठीचा स्वयंपाक बघायची. पडवीच्या तुळईला तिनं जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीत तिची पाच महिन्यांची पोरगी झोपलेली. झोळीची दोरी हौसाच्या पायाच्या अंगठ्यात. हात तांदळात, पाय दोरीत. पाय हलला की झोळी हलायची.

मधेच ती मान वळवून बघायची. लुगडं वरखाली होतंय ना… होतंय. मग पुन्हा तांदूळ.

“बांधणी कशी केलीस?” बुवांनी विचारलं. “हातानं?”

“छे, बुवा. हातानं आता कोण करतं? सगळं कोडमध्ये लिहून ठेवलंय. कुठला डबा, त्याला किती जागा, कुणाशेजारी कोण. हुकूम गेला की लिहिलंय तसंच्या तसं उभं राहतं. एका तालुक्यात काय आणि अकरा तालुक्यांत काय, एका अक्षराचा फरक पडत नाही.”

“चूक असली तर?”

“ती पण तशीच्या तशी.” यशोधन हसला. मग त्याचं हसू थांबलं. “पण चूक नाहीये. चाळीस वेळा वाचलंय मी.”

“चार वाजता हुकूम कोण देणार?”

“कुणी नाही. वेळ लावून ठेवलीय. आपोआप जाईल.”

“का?”

यशोधननं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

“का रे?”

“ऐन वेळी हात कापेल म्हणून.”

हौसानं सूप खाली ठेवलं.

“दादा, ही हाक म्हंजी त्या आशाताईच्या फोनातली का?”

“हो, तीच.”

“आमची शेवंता हाय तिच्याच भरवशावर. माझी धाकटी भण. पार वरच्या वाडीला दिलीया. दिवस भरल्यात तिचं.”

“मग आता घाबरू नका, ताई. आता दर सेकंदाला नजर राहील.”

“त्या सगुणाच्या येळंला नजर न्हवती?”



“होती,” तो म्हणाला. “पाच सेकंदांनी.”

हौसाचा हात सुपातल्या तांदळात तसाच राहिला. मग तिनं झोळीकडं बघितलं.

“दाखव,” बुवा म्हणाले.

यशोधननं पिशवीतून लॅपटॉप काढला. बुवांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले, लहान मूल वाचतं तसं. एका ओळीवर बोट थांबलं.

“हे काय?”

“ती जोडी आहे, बुवा. सेवेचा डबा आणि त्याला लागून पहाऱ्याचा डबा. दोघांपुढं ‘आवश्यक’ असं लिहिलंय. दोघांतला एक जरी थांबला, तरी सगळी जोडी थांबते. मग नवी जोडी उभी करावी लागते.”

“पहाऱ्यापुढंही आवश्यक?”

“मुद्दाम लिहिलंय, पहिल्यापासून. पहारा नसेल तर सेवा एक क्षणही चालायला नको. डोळे बांधून गाडी कशाला हाकायची?”

“हे विचारानं लिहिलंस की भीतीनं?”

“काळजीनं लिहिलंय, बुवा.” त्याचा आवाज जरा चढला. “तुमच्या वेळेला असलं काही नव्हतं, म्हणून तुम्हाला वाटतं तसं.”

बुवांनी लॅपटॉप मिटला.

“हौसा, दोरी याच्याकडं दे.”

“ह्यांच्याकडं? कशाला?”

“जरा वेळ हा राखील.”

“आत्ताच डोळा लागलाय बुवा तिचा. दोन दीस झाले, सर्दीनं झोपली न्हाई.”

“म्हणून तर.”

हौसाला ते आवडलं नाही. पण बुवांचा शब्द. तिनं अंगठा नुसता वाकवला, आणि दोरीचा वेढा सुटून खाली पडला.

बुवांनी दोरीचं टोक उचललं. यशोधनच्या घोट्याभोवती तीन वेढे दिले. एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. मग दोरी ताठ होईपर्यंत त्याला मागं सरकवून बसवलं.

“घट्ट झालीय, बुवा.”

“काळजीनं बांधलीय.”



“आता मोज.”

“काय मोजू?”

“तिचे श्वास. एकही सुटता कामा नये.”

त्याला हसू आलं होतं. पण बुवांच्या तोंडावर हसू नव्हतं. ते उठून झोळीच्या पलीकडं जाऊन बसले.

“एक,” यशोधन म्हणाला. “दोन… तीन…”

लुगडं पातळ होतं. त्याच्या आडून पोरीची छाती केवढीशी हलायची. कधी भराभर, कधी सावकाश. पापणी लवली तरी एक सुटेल असं वाटायचं, म्हणून तो पापणी लववेना.

“एकोणचाळीस… चाळीस…”

एकेचाळिसावा आला नाही.

यशोधननं स्वतःचा श्वास धरला. हौसा एक पाऊल पुढं आली. पडवीवरच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. बाकी कसला आवाज नाही…

लुगडं हललं.

“एकेचाळीस,” तो म्हणाला. “असं होतं का, ताई? असं मधेच थांबतं?”

“हुतंय,” हौसा म्हणाली. “तान्ह्या लेकराचं हुतंय तसं. मला बी ठावं न्हवतं. पैल्यांदा झालं तवा मी गदागदा हलवून उठवलं हुतं तिला.”

“बोलू नका, सुटतो माझा… पंचेचाळीस. सेहेचाळीस.”

साठ झाले. शंभर झाले. यशोधनच्या पायाला मुंग्या आल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाय हलवायची सोय नव्हती, दोरी ताठ होती. झोका द्यायचं तर त्याच्या लक्षातच नव्हतं. तो नुसता मोजत होता. अडीचशे. तीनशे. मधेच एकदा थांबला, दोन धरले की तीन हे त्याचं त्यालाच कळेना, आणि तो रडवेला झाला.

“आठशे बारा,” तो पुटपुटला. “आठशे तेरा…”

आतल्या खोलीत त्याचा फोन वाजला.

साडेतीनची आठवण त्यानंच लावून ठेवली होती. पण आठ दिवसांची सवय. यशोधन ताडकन उठला.

घोट्याला हिसका बसला. दोरी ताणली. झोळी एका अंगावर कलंडली आणि लुगड्याच्या काठावर पोरीचं डोकं दिसलं.

“आगं आई!” हौसा किंचाळली.

पोरगी खाली पडली नाही. बुवांचा हात मघापासून झोळीखालीच होता.

हौसानं पोरीला ओढून छातीशी घेतलं. डोकं चाचपलं, हात चाचपले, पाय चाचपले. पुन्हा डोकं. पोरीनं आधी ओठ काढला आणि मग जो टाहो फोडला तो थांबेना. हौसाही रडत होती.

“तुमच्या पाया पडते म्हणून काय बुवा, माझं लेकरू दाव्याला बांधाल? आँ? तुमी असाल म्हाराज तुमच्या घरचं!”

“चुकलो, पोरी.” बुवांनी तिला हात जोडले. वर बघितलं नाही.

हळूहळू पोरीचं रडणं हुंदक्यांवर आलं.

“काय झालं?” बुवांनी यशोधनला विचारलं.

“झोळी कलंडली.”

“त्याआधी?”

“फोन वाजला.”

“मग?”

“मग झोळी…”

तो थांबला.

“फोन वाजला म्हणून झोळी कलंडत नाही, यशोधन. मधे काय झालं?”

“मी उठलो.”

तो घोट्याकडं बघत राहिला. त्यानं बसकण मारली आणि लॅपटॉप उघडला. आठ दिवसांपूर्वीची नोंद त्यात होतीच, तो ती सगळीकडं घेऊन फिरायचा. एकाखाली एक दोन ओळी. कुठला डबा किती वाजता थांबला.

“अकरा बेचाळीस आणि सात सेकंद, पहारा,” त्यानं वाचलं. “अकरा बेचाळीस आणि नऊ सेकंद… सेवा.”

“हे आधी वाचलं नव्हतंस?”

“शंभरदा वाचलंय, बुवा. दोन सेकंदच तर होते. वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळं असतात थोडी मागंपुढं. मला वाटलं घड्याळाचा फरक. मला वाटलं, सेवा पडली म्हणून पहारा गप्प झाला. तसंच असणार. माझा पहारा कशाला…”

“पहारा आधी गेला.”

“बाजारचा दिवस होता. हाका जास्त होत्या. मोजता मोजता त्याला दिलेली जागा भरली, आणि तो कोसळला. आणि मी त्याला सेवेशी बांधून ठेवलं होतं.”

हौसा पोरीला थोपटत होती. ती म्हणाली,

“म्हंजी ती चांगली चालली हुती?”

“चांगली चालली होती, ताई.”

“आन् राखणदारानं पाडली?”

“मी,” यशोधन म्हणाला.

पेटीतलं बाळ कुणाच्या तोंडी आलं नाही. पण पडवीत तिघांच्याही मनात तेच होतं.

“पाच सेकंदांचा एक सेकंद केलास,” बुवा हळूच म्हणाले.

यशोधननं घड्याळाकडं बघितलं. चार वाजायला एकोणीस मिनिटं होती. पाचपट मोजणी. पाचपट लवकर जागा भरणार. अकरा तालुक्यांत, एका अक्षराचाही फरक न होता.

हौसानं आतून त्याचा फोन आणून दिला. त्यानं तो वर धरला, दाराकडं धरला.

“रेंज कुठं येते?”

“हितं न्हाई येत,” हौसा म्हणाली. “वर, पान्याच्या टाकीवर.”

तो धावायला उठला आणि दोरीनं पुन्हा खेचलं. रिकामी झोळी गपकन त्याच्या अंगावर आली. तो खाली बसून गाठ सोडवू लागला. नखं लागेनात. ओढावं तशी ती आवळत गेली.

“सुटत नाही… बुवा, सुटत नाही ही…”

बुवा जागचे हलले नाहीत.

हौसानं पोरीला खांद्यावर टाकलं, आत गेली, विळी घेऊन आली. विळीच्या पात्यावर दोरी धरली आणि एका झटक्यात कापली.

“पळा,” ती म्हणाली. “पळा, दादा! माझी शेवंता हाय वर.”

तो लॅपटॉप पोटाशी धरून धावला. घोट्याला दोरीचा तुकडा तसाच होता. तो मागं धुळीत फरफटत गेला.

मग पडवीत नुसतं घड्याळ वाजत राहिलं.

हौसा बसली नाही. ती दारापासून झोळीपर्यंत आणि झोळीपासून दारापर्यंत फिरत राहिली. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली, तरी ती फिरत होती.

“बुवा, आत्ता शेवंताला कळा आल्या तर?”

बुवांनी टेकडीकडं पाहिलं.

“तसं हुयाचं न्हाई ना?”

“ठाऊक नाही, पोरी.”

“तुमाला बी ठावं न्हाई?”

“नाही.”

चार वाजले. चार वाजून दहा झाले. टेकडीवर काहीच हलत नव्हतं…

सव्वाचारला तो उतरताना दिसला. चालत होता. चालतोय हे चांगलं की वाईट, ते लांबून कळेना. हौसानं पदराचा बोळा तोंडात धरला.

“तीन मिनिटं राहिली होती,” तो जवळ आल्यावर म्हणाला. “थांबवलं.”

हौसा तेव्हा कुठं खाली बसली.

यशोधननं माठातलं पाणी घेतलं. प्यायला, आणि बुवांसमोर बसला. दुपारी मठीत आलेला माणूस तो नव्हता.

“पहारा काढूनच टाकू का, बुवा?”

बुवा हौसाकडं बघत होते.

हौसानं पोरीला पुन्हा झोळीत ठेवलं. दोरी आता आखूड झाली होती. ती झोळीच्या आणखी जवळ सरकली, दोरीचा एकच वेढा अंगठ्याला घातला आणि सूप पुढं ओढलं.

“गाठ नाही मारत, ताई?”

“गाठ?” हौसानं त्याच्याकडं असं बघितलं की याला शाळेत शिकवलं तरी काय. “आन् मला भोवळ आली, पडले म्हंजी? माझ्यासंगं ती बी? दोरी निसटाय पायजे की, दादा.”

“आणि श्वास मोजता?”

“मोजत बसले तर तांदूळ कोन निवडंल? मधनंमधनं बघती. हात लावून बघती.”

“तेवढ्यानं भागतं? जीव थाऱ्यावर राहतो?”

“छ्या,” ती म्हणाली. “पाच म्हयन्यांत एकदा बी न्हाई.”

यशोधननं झोळीकडं एकदा पाहिलं. मग त्यानं लॅपटॉप उघडला. पहाऱ्यापुढचा ‘आवश्यक’ पुसला आणि ‘ऐच्छिक’ लिहिलं. सेकंदाच्या जागी मिनिट लिहिलं. बुवांपुढं धरलं. बुवांनी बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली.

“हुकूम कधी देणार?”

“उद्या सकाळी. एकाच तालुक्यात. वेळ लावून नाही, मी स्वतः. हात कापला तर कापू दे.”

“आणि आज?”

“आज सगुणाकडं जातो. दवाखान्यात. सांगतो तिला, की डबे आपोआप बंद पडले नव्हते. माझ्यामुळं पडले. ती काय म्हणेल, बुवा?”

“ते ती म्हणेल.”

तो उठला. दारापर्यंत गेला. उंबऱ्यात थांबला.

“बुवा, मोजलं तरी भीती वाटते. नाही मोजलं तरी वाटते. ही कधी जाणार?”

बुवांनी त्याच्या पायाकडं पाहिलं. घोट्याला कापलेली दोरी लोंबत होती, गाठीवर गाठ. तिच्याखाली कातडी लाल झाली होती.

“ती राहू दे,” बुवा म्हणाले. “गाठ तेवढी सोड.”